तारांचा ताण

वाद्यांच्या दुकानात भिंतीवर टांगलेली इलेक्ट्रिक गिटार ही एक शांत, निश्चल वस्तू वाटते. प्रत्यक्षात तिच्यात सतत एक ओढाताण चालू असते. सुरात लावलेल्या सहा तारा मिळून तिच्या दांडीला सुमारे चाळीस किलो वजनाइतक्या जोराने ओढत असतात. दांडीचे लाकूड त्या ओढीला विरोध करते. दांडीच्या पोटात बसवलेला पोलादी गज लाकडाला साथ देतो. काही गिटारींत तर पाठीमागे दडलेल्या स्प्रिंगा तारांना उलट दिशेने खेचत असतात. या सर्व शक्ती एकमेकींना तोलून धरतात, म्हणूनच गिटार स्थिर दिसते. वादक जेव्हा पातळ तारा उतरवून जाड तारा चढवतो तेव्हा हा तोल मोडतो. तो का मोडतो आणि पुन्हा कसा साधावयाचा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

ज्यांनी सतार जवळून पाहिली आहे त्यांना गिटारीची रचना समजण्यास वेळ लागणार नाही. सतारीप्रमाणेच तिला लांब दांडी असते, दांडीवर धातूचे पडदे असतात आणि दांडीच्या टोकाला तारा पिळण्याच्या खुंट्या असतात. खुंट्यांजवळ हाडाची किंवा प्लास्टिकची एक बारीक पट्टी असते. तिच्यातील सहा खाचांमधून सहा तारा जातात. या पट्टीला नट म्हणतात. दुसऱ्या टोकाला, गिटारीच्या अंगावर, घोडी असते. घोडीवर प्रत्येक तारेसाठी एक लहानशी सरकती बैठक असते. तिला सॅडल असे नाव आहे. नट आणि सॅडल यांच्या दरम्यानचा तारेचा जो भाग थरथरतो, त्यातून स्वर निघतो. मात्र सतारीचा आवाज भोपळ्याच्या पोकळीत घुमतो, तर इलेक्ट्रिक गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे यांनी बनलेला पिकअप नावाचा भाग बसवलेला असतो. पोलादी तार त्याच्यावर थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो ध्वनिवर्धकाकडे जातो.

तारांचा संच हा त्यातील सर्वांत पातळ तारेच्या जाडीवरून ओळखला जातो. ही जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजण्याची प्रथा आहे. दुकानदार ‘नऊच्या तारा’ म्हणतो तेव्हा पहिली तार नऊ हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.२३ मिलिमीटर जाडीची असते. त्या संचातील सहावी, म्हणजे सर्वांत खर्जाची तार सामान्यतः बेचाळीस हजारांश इंच, म्हणजे १.०७ मिलिमीटर असते. दहाच्या संचात सहावी तार शेहेचाळीसची आणि अकराच्या संचात एकोणपन्नासची असते. पहिल्या तीन तारा साध्या पोलादाच्या असतात. उरलेल्या तीन तारांच्या गाभ्यावर दुसरी बारीक तार वळलेली असते.

पातळ तारांचा प्रघात फार जुना नाही. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही प्रसिद्ध गिटार बाजारात आणली, त्या काळातील संच आजच्या मानाने बरेच जाड असत आणि त्यांतील तिसरी तारही वळलेली असे. अशा तारेवर मींड घेणे, म्हणजे दाबलेली तार पडद्यावर आडवी ओढून स्वर चढवणे, हे मोठे कष्टाचे काम होते. काही अमेरिकी वादकांनी त्यावर एक युक्ती काढली. ते पहिली तार बँजोची लावत आणि गिटारीच्या तारा एकेक घर खाली सरकवत. पुढे १९६० च्या दशकात अर्नी बॉल या कॅलिफोर्नियातील दुकानदाराने पातळ तारांचे तयार संच विकावयास सुरुवात केली आणि ते लवकरच सर्वत्र रुळले. आज नवी गिटार विकत घेतली तर तिच्यावर बहुधा नऊच्या किंवा दहाच्या तारा असतात, आणि कारखान्यात तिची सारी जुळणी त्याच तारा गृहीत धरून केलेली असते. पुढे येणाऱ्या अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

मग जाड तारा कोणाला आणि कशासाठी हव्या असतात? ज्याचा आघात जोरकस आहे त्याच्या हाताखाली पातळ तार फार डोलते आणि पडद्यांवर खडखडते. जाड तार तो आघात सोसते. तिच्यात धातू अधिक असल्यामुळे पिकअपकडे जाणारा संकेतही जोरदार असतो. टेक्ससचा वादक स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा वापरण्यासाठी प्रसिद्ध होता. अर्थात तो सर्व तारा नेहमीच्या सुरापेक्षा एक अर्धस्वर खाली लावत असे. काहींना तारा आणखी उतरवून खर्जात वाजवावयाचे असते. पातळ तार फार उतरवली तर ती लोंबू लागते आणि तिचा स्वर ठरत नाही. अशा वेळी जाड तार घेण्यावाचून गत्यंतर नसते.

याच्या नेमके उलट उदाहरण ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश वाद्यवृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी याचे आहे. १९६५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जॅंगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत भाजून दोन बोटे निकामी झाल्यावरही राइनहार्ट थोर वादक झाला होता. आयोमीने वितळवलेल्या प्लास्टिकपासून बोटांसाठी टोपणे तयार केली, बँजोच्या पातळ तारा मिळवल्या आणि पुढे तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या ध्वनिमुद्रिकेत हे उतरवलेले सूर ऐकू येतात. त्याच्या दुखऱ्या बोटांना हवा होता तो कमी ताण. हा ताण दोन मार्गांनी कमी करता येतो, तार पातळ करून किंवा सूर उतरवून. जाड तारा लावणाऱ्यानेही हे दोन मार्ग लक्षात ठेवावेत, कारण त्याचा प्रश्नही याच हिशेबातून सुटतो.

हा हिशेब फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन याने १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. तारेची लांबी आणि तिचा स्वर कायम ठेवावयाचा असेल, तर ताण हा तारेच्या वजनाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. साध्या पोलादी तारेचे वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून नऊऐवजी दहाची तार लावली तर जाडी केवळ अकरा टक्क्यांनी वाढते, परंतु ताण तेवीस टक्क्यांनी वाढतो. नऊवरून अकरावर गेल्यास ताण जवळजवळ दीडपट होतो. स्ट्रॅटोकास्टरवर तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. त्या लांबीवर नऊची पहिली तार सुमारे ६ किलो, दहाची सुमारे ७.४ किलो आणि अकराची सुमारे ९ किलो ओढीने सुरात येते. सहाही तारांची बेरीज केली तर नऊच्या संचाची ओढ सुमारे ३८ किलो, दहाच्या संचाची ४७ किलो आणि अकराच्या संचाची ५३ किलो भरते. तारांच्या बनावटीनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतील. तरीही नऊवरून अकरावर जाणाऱ्याने आपल्या गिटारीच्या दांडीला सुमारे पंधरा किलोचे जादा ओझे बांधले, असे म्हणण्यास हरकत नाही. गिब्सन कंपनीच्या बहुतेक गिटारींवर तारेची लांबी सुमारे दोन सेंटिमीटरने कमी असते. त्यामुळे तोच संच तेथे बोटांना किंचित मऊ लागतो.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहू. अकराच्या तारा लावून सर्व सूर दोन अर्धस्वर खाली उतरवले, तर पहिल्या तारेवरचा ताण सुमारे ७.१ किलो होतो. म्हणजे नेहमीच्या सुरातील दहाच्या तारेपेक्षाही तो थोडा कमीच होतो. ज्याची गिटार दहाच्या तारांवर जुळवलेली आहे आणि ज्याला याच उतरवलेल्या सुरात वाजवावयाचे आहे, त्याला दांडी आणि स्प्रिंगा यांना फारसा हात लावावा लागणार नाही. म्हणून कामाला लागण्यापूर्वी आपण कोणत्या सुरात वाजवणार, हे ठरवावे. सूर न ठरवता केलेली जुळणी पुन्हा करावी लागते.

नेहमीच्या सुरातच जाड तारा लावल्या तर काय घडते? ओढ वाढल्यामुळे दांडी पुढच्या बाजूला धनुष्यासारखी वाकते. दांडी वाकली की मधल्या पडद्यांपासून तारा उंच जातात आणि त्या दाबण्यास अधिक जोर लागतो. नटाच्या खाचांत जाड तार अडकते, त्यामुळे खुंटी पिळली तरी सूर लगेच बदलत नाही. तो एकदम टणकन उडी घेतो. घोडी तरंगती असेल तर ती पुढे झुकते. अनेक नवशिके या अवस्थेत तारा वाईट निघाल्या असे समजतात आणि दुसऱ्या कंपनीचा संच आणतात. दोष तारांचा नसतो. त्या आपले काम चोख करीत असतात.

कामाची पहिली पायरी म्हणजे जुन्या तारा उतरवण्यापूर्वी सर्व मापे वहीत लिहून ठेवणे. बारावा पडदा आणि तार यांमधील अंतर, दांडीचा बाक, घोडीची पातळी, पिकअपची उंची अशी चार-पाच मापे पुरतात. याला दहा मिनिटे लागतात. पुढे काही बिघडले तर परतण्याची वाट मात्र तीच असते. साधनेही थोडी आहेत. मिलिमीटरच्या अर्ध्या भागांची पोलादी पट्टी, मोटारसायकलचे मेकॅनिक वापरतात तसा फीलर गेज, लहान स्क्रू ड्रायव्हर, गिटारीबरोबर मिळालेल्या अॅलन की आणि एक ट्यूनर एवढे साहित्य पुरे होते.

तारा एकदम सर्व काढू नयेत. एक जुनी काढावी, तिच्या जागी एक नवी चढवावी, मग पुढच्या तारेकडे वळावे. त्यामुळे दांडीवरची ओढ एकाएकी शून्यावर येत नाही. नवी तार चढवताना ती नटाच्या खाचेत पूर्ण खाली बसते की नाही, हे नीट पाहावे. नऊच्या संचासाठी कोरलेल्या खाचेत अकराच्या संचातील सहावी तार बसवणे म्हणजे १.०७ मिलिमीटरच्या खाचेत १.२४ मिलिमीटरची तार कोंबणे होय. खाच किंचित मोठी असेल तर तार कशीबशी जाते, नसेल तर वरच अडकून राहते. किरकोळ अडकण असेल तर मऊ पेन्सिलीच्या शिशाची भुकटी खाचेत लावल्याने काम भागते. खाच खरोखरच अरुंद असेल तर ती कानशीने रुंद करावी लागते. ही कानस तारेच्या जाडीच्या मापाचीच हवी आणि खाच रुंद करताना ती खोल होता कामा नये. खाच खोल झाली की मोकळी तार पहिल्या पडद्यावर खडखडू लागते आणि बहुधा नटच बदलावा लागतो. खोली तपासण्याची एक सोपी रीत आहे. तार तिसऱ्या पडद्याशी दाबावी आणि पहिल्या पडद्याच्या वर पाहावे. तेथे कागदाएवढी फट दिसली पाहिजे. ज्याच्या हाताला कानशीची सवय नाही त्याने हे काम कारागिराकडे द्यावे, असे माझे मत आहे.

ज्या गिटारींची घोडी अंगावर पक्की बसवलेली असते, त्यांच्या मालकांनी पुढचा भाग सोडून दिला तरी चालेल. परंतु स्ट्रॅटोकास्टर आणि तिच्यासारख्या असंख्य गिटारींची घोडी तरंगती असते. तिला एक दांडा जोडलेला असतो. तो दाबला की सर्व सूर एकदम खाली येतात व सोडला की परत वर जातात. ही घोडी तराजूच्या दांडीप्रमाणे एका कडेवर टेकलेली असते. एका बाजूने तारा तिला पुढे ओढतात आणि दुसऱ्या बाजूने, गिटारीच्या पाठीतील खोबणीत बसवलेल्या स्प्रिंगा तिला मागे ओढतात. दोन्ही ओढी समान झाल्या की घोडी स्थिरावते. तारांची ओढ ३८ किलोवरून ५३ किलोवर गेली तर जुन्या स्प्रिंगांना ती पेलत नाही. त्या ताणल्या जातात आणि घोडीचा मागचा भाग वर उचलला जातो.

येथे नवशिक्याची मोठी फसगत होते. तो पहिली तार सुरात आणतो, मग दुसरी आणतो. दुसरी चढवताना घोडी आणखी थोडी पुढे झुकते, त्यामुळे पहिली तार सैल पडून तिचा सूर उतरतो. तो पुन्हा पहिलीकडे वळतो, तोवर दुसरी उतरलेली असते. या चक्रात अर्धा तास गेला तरी गिटार सुरात येत नाही आणि घोडी मात्र अधिकाधिक वाकत जाते. कारण समजले की उपाय कठीण नाही. पाठीवरचे झाकण काढल्यावर खोबणीत एक नखीदार पट्टी दिसते. स्प्रिंगांची टोके तिच्या नख्यांत अडकवलेली असतात आणि ती पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेली असते. हे स्क्रू आत पिळले की स्प्रिंगा ताणल्या जातात व घोडी खाली येते. दोन्ही स्क्रू एकेक फेरा, सारखेच पिळावेत. मग सहाही तारा पुन्हा सुरात आणाव्यात आणि घोडीची पातळी पाहावी. पुन्हा पिळावे, पुन्हा सूर लावावेत. चार-पाच वेळा असे केल्यावर तारा सुरात आणि घोडी जागेवर, असा क्षण येतो. फेंडरच्या शिफारशीनुसार तरंगत्या घोडीचा मागचा काठ अंगापासून सुमारे ३ मिलिमीटर वर असावा. त्या खोबणीत पाच स्प्रिंगांसाठी जागा असते, परंतु पुष्कळदा तीनच बसवलेल्या असतात. स्क्रू बरेच आत जाऊनही घोडी खाली येत नसेल तर चौथी स्प्रिंग लावावी. ज्याला दांड्याचा उपयोग करावयाचाच नाही, त्याने पाचही स्प्रिंगा लावून घोडी अंगाला टेकवून टाकली तर पुढची कटकट कायमची मिटते. अनेक नामवंत वादकांनी हेच केले आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

घोडी स्थिरावली की दांडीकडे वळावे. या कामाला सर्वांत अधिक धीर लागतो. गिटारीची दांडी अगदी सरळ नसते व नसावी. थरथरणारी तार मध्यभागी अधिक डोलते. तिला जागा मिळावी म्हणून दांडीला पुढच्या बाजूने अत्यंत सौम्य बाक ठेवतात. हा बाक मोजण्यासाठी सहावी तार पहिल्या पडद्याशी आणि जेथे दांडी अंगाला मिळते तेथील पडद्याशी, अशी दोन ठिकाणी दाबून धरावी. ताणलेली तार ही येथे सरळ पट्टीचे काम करते. मग सातव्या-आठव्या पडद्याच्या माथ्यापासून तार किती उंच आहे हे फीलर गेजने पाहावे. साधारणतः पाव मिलिमीटर अंतर योग्य मानतात. जाड तारा लावल्यावर ते याहून वाढलेले आढळेल.

ते कमी करण्यासाठी दांडीच्या पोटातील गजाची मदत घ्यावयाची असते. त्याला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात त्याचा वापर सुरू केला. सतारीच्या दांडीत असा गज नसतो, त्यामुळे तिचा बाक स्क्रूने कमीजास्त करण्याची सोय तेथे नाही. ट्रस रॉडचे तोंड काही गिटारींत खुंट्यांच्या बाजूला, तर काहींत दांडी अंगाला मिळते त्या टोकाला असते. त्या तोंडाकडे पाहून किल्ली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की गज आवळला जातो व दांडी मागे येऊन सरळ होते. उलट फिरवली की बाक वाढतो. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. आवळण्यापूर्वी तारा थोड्या सैल कराव्यात, म्हणजे गजाला ओढीविरुद्ध झगडावे लागत नाही. मग तारा पुन्हा सुरात आणून माप घ्यावे. लाकूड सावकाश स्थिरावते, म्हणून काही तास थांबून पुन्हा मोजणे चांगले. नऊवरून दहावर जाताना पाव ते अर्धा फेरा पुष्कळदा पुरतो. किल्ली फिरण्यास फार जड वाटू लागली तर तेथेच थांबावे. गजाचे आटे खराब झाले किंवा गज तुटला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारीच्या किमतीहून जास्त होतो. हातात आलेली पहिली गिटार अशा रीतीने गमावणारे विद्यार्थी थोडे नाहीत, आणि त्यामागे बहुधा आणखी एकच फेरा फिरवून पाहण्याची घाई असते.

तारांची उंची या टप्प्यावर ठरवावी, आधी नव्हे. दांडी वाकलेली असताना सॅडल खाली करून तारा जवळ आणल्या, तर पुढे दांडी सरळ झाल्यावर त्या पडद्यांवर आपटतात. सॅडलच्या दोन बाजूंना असलेले बारीक स्क्रू फिरवून प्रत्येक तारेची उंची ठरवता येते. सतराव्या पडद्यापाशी सुमारे दीड मिलिमीटर हे एक चांगले आरंभस्थान आहे. जाड तार कमी डोलते, त्यामुळे ती थोडी खाली ठेवली तरी चालते. हा जाड तारांचा अनपेक्षित फायदा म्हणावा लागेल.

यानंतर सुरेलपणाची तपासणी येते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. एखादा स्वर बेसूर वाटला तर वादक तो पडदा केसभर सरकवतो. गिटारीचे पडदे लाकडात ठोकून बसवलेले असतात, ते हलत नाहीत. म्हणून गिटारीत तारेची लांबी बदलावी लागते आणि त्यासाठी सॅडल पुढेमागे सरकवावी लागते. तार दाबली की ती किंचित ताणली जाते व तिचा स्वर अपेक्षेपेक्षा चढतो. तार जितकी जाड व ताठ, तितकी ही चूक सामान्यतः अधिक. तपासण्याची रीत अशी आहे. बाराव्या पडद्याच्या नेमक्या वर तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून छेडावे. जो बारीक, घंटेसारखा स्वर निघतो त्याला हार्मोनिक म्हणतात. नंतर त्याच पडद्याशी तार दाबून छेडावे. दोन्ही स्वर ट्यूनरवर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नटापासून दूर न्यावी. उतरलेला असेल तर पुढे आणावी. प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात लावूनच तुलना करावी. कान तयार असलेल्यांना ट्यूनरची गरज भासणार नाही, पण सहा तारांचे हे काम ट्यूनरने लवकर उरकते. नव्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात. म्हणून ही तपासणी तारा हाताने हलके ओढून, दोन-तीनदा सुरात लावून झाल्यावरच करावी.

पिकअपविषयी फार सांगण्यासारखे नाही. जाड तारेमुळे संकेत वाढतो, तेव्हा आवाज फुटत असेल तर पिकअप थोडा खाली करावा. तो तारेच्या फार जवळ असेल तर त्यातील चुंबक तारेलाच ओढू लागतो. मग स्वर लवकर विरतो आणि खर्जाच्या तारांवर दोन स्वर एकदम ऐकू आल्यासारखे वाटतात.

एवढे झाल्यावर गिटार दोन दिवस वाजवावी आणि मग सर्व मापे पुन्हा तपासावीत. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात ते आक्रसते, त्यामुळे दांडीचा बाक ऋतूनुसार थोडाफार बदलत राहतो. मुंबई किंवा कोलकात्याच्या दमट हवेत जुळवलेली गिटार राजस्थानात नेली तर पाव फेऱ्याची गरज पडू शकते.

काही महिन्यांनी बोटे दुखू लागली किंवा मींड मनासारखी निघेना, म्हणून पुन्हा नऊच्या तारांकडे वळावेसे वाटले, तर हीच कामे उलट दिशेने करावी लागतात. तेव्हा ट्रस रॉड सैल करावयाचा असतो. तो आवळलेलाच ठेवून पातळ तारा लावल्या तर दांडी मागे वाकते आणि तारा पडद्यांवर टेकतात. स्प्रिंगांचे स्क्रूही थोडे बाहेर काढावे लागतात, नाहीतर घोडी मागे बसते व सूर चढलेले राहतात. सॅडल पूर्वीच्या जागी आणण्यासाठी सुरुवातीला वहीत लिहिलेली मापे उपयोगी पडतात. नटाची रुंद केलेली खाच मात्र परत अरुंद होत नाही. तिच्यात पातळ तार हलते आणि मोकळी छेडली की झणझणते, आणि त्यावर नवा नट बसवणे हाच इलाज असतो.